फुटली तरी जागा न सोडणारी काच

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागले, की भूगाव, पिरंगुट, पौड मागे टाकत गाडी मुळशी धरणाकडे निघते. गेल्या दोन-तीन दशकांत या तालुक्याचे रूप बरेच पालटले. त्या पालटात काचेचा वाटा मोठा आहे. तालुक्याच्या पूर्वेला हिंजवडी आणि माण येथे आयटी पार्कच्या काचेने मढवलेल्या इमारती आहेत. पश्चिमेला धरणाच्या पाण्याकडे तोंड करून उभे असलेले बंगले आणि रिसॉर्ट आहेत. त्यांच्या गॅलऱ्यांना लोखंडी गजांऐवजी काचेचे कठडे आहेत, कारण समोरचे पाणी आणि डोंगर विनाअडथळा दिसायला हवेत. पावसाळा लागला, की ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. त्या गाड्यांच्या पुढे आणि बाजूला पुन्हा काचच असते.

म्हणजे उंचावरच्या गॅलरीत, कचेरीच्या दहाव्या मजल्यावर किंवा घाटातल्या वळणावर माणूस आणि धोका यांच्यामध्ये काही मिलिमीटर जाडीची काच उभी असते. तरीही ती खरेदी करताना आपण जाडी, रंग आणि दर एवढेच विचारतो. फार तर, ‘सेफ्टी ग्लास आहे ना?’ असे विचारतो. काचवाला ‘हो’ म्हणतो आणि त्यात तो खोटेही बोलत नाही. अडचण अशी, की सेफ्टी ग्लास या एकाच नावाने दोन अगदी वेगळ्या काचा ओळखल्या जातात. त्यांच्यातला फरक एरवी नजरेस पडत नाही. तो कळतो काच फुटल्यावर, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

एक नाव, दोन काचा

साधी काच फुटली, की तिचे लांब, टोकदार, सुरीसारखे तुकडे होतात. अशा तुकड्याने मनगटाजवळ खोल जखम झाली, तर रक्तवाहिनीबरोबरच बोटे हलवणारे स्नायुबंध आणि नसाही कापल्या जातात. दारावर किंवा खिडकीवर हात आदळून झालेल्या अशा जखमा टाके घालून भरतात. पण बोटांची पकड आणि संवेदना पूर्वीसारखी होईलच असे नाही. सेफ्टी ग्लासचा शोध लागला तो या तुकड्यांना आवर घालण्यासाठी.

पहिला प्रकार टफन्ड काचेचा. साधी काच सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि हवेचे जोरदार झोत सोडून झटकन थंड करतात. बाहेरचा थर आधी आवळतो, आतला मागून. त्यामुळे काचेच्या पृष्ठभागावर कायमचा दाब राहतो आणि ती साध्या काचेपेक्षा चार ते पाच पट मजबूत होते. फुटलीच तर तिचे बोथट कडांचे बारीक खडे होतात. जखम कमी होते, पण सगळी काच एका क्षणात खाली येते आणि चौकट रिकामी होते.

दुसरा प्रकार लॅमिनेटेड काचेचा. यात काचेचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा एक पारदर्शक, चिवट पापुद्रा असतो. ही काचही फुटते. तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात. मात्र तुकडे मधल्या पापुद्र्याला चिकटून राहतात आणि फुटलेली काच चौकटीतच उभी राहते. तिच्या आतला माणूस आत राहतो आणि बाहेरून आलेली वस्तू बहुधा बाहेरच अडते.

थोडक्यात, टफन्ड काच सहज फुटत नाही, आणि लॅमिनेटेड काच फुटली तरी जागा सोडत नाही. कुठे कोणता गुण हवा, हे आधी ठरवावे लागते.

पडलेल्या फ्लास्कमधून लागलेला शोध

लॅमिनेटेड काचेचे श्रेय सामान्यतः एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला दिले जाते. १९०३ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेतला एक काचेचा फ्लास्क उंचावरून खाली पडला. त्याला तडे गेले, पण तुकडे विखुरले नाहीत. त्या फ्लास्कमध्ये पूर्वी सेल्युलोज नायट्रेटचे द्रावण होते. ते सुकून आतून पातळ थर बसला होता आणि त्या थराने तुकडे धरून ठेवले होते. पुढे मोटारींच्या अपघातांत काचेने होणाऱ्या जखमांच्या बातम्या वाचताना त्याला हा फ्लास्क आठवला, असे सांगतात. १९०९ मध्ये त्याने दोन काचांमध्ये सेल्युलोजचा थर घालून तयार केलेल्या काचेचे पेटंट घेतले. ‘ट्रिप्लेक्स’ हे तिचे नाव. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांपुढच्या काचा अशाच होत्या.

योगायोग असा, की याच सुमारास, १९०८ मध्ये, मुळशीच्या शेजारच्या मावळ तालुक्यात तळेगाव दाभाडे येथे पैसा फंड काच कारखाना सुरू झाला. सामान्य माणसांकडून एकेक पैसा गोळा करून उभा राहिलेला हा कारखाना स्वदेशी चळवळीचे अपत्य होता. आज पुणे जिल्ह्यात मोटारींच्या काचा तयार होतात, त्या परिसरात काचेच्या उद्योगाची मुळे इतकी जुनी आहेत.

सुरुवातीच्या सेल्युलोजच्या थरात एक दोष होता. उन्हाने तो पिवळा पडे आणि ठिसूळ होई. १९३० च्या दशकाच्या अखेरीस पॉलिव्हिनाइल ब्युटिरल, म्हणजेच पीव्हीबी, या प्लास्टिकने त्याची जागा घेतली. ते रबरासारखे ताणले जाते, काचेला घट्ट धरते आणि वर्षानुवर्षे पारदर्शक राहते. आजही बहुतेक लॅमिनेटेड काचांमध्ये पीव्हीबीच असते.

काच कशी जोडतात?

दोन काचा आधी धुऊन, वाळवून स्वच्छ करतात. धूळ आणि दमटपणा नियंत्रित असलेल्या खोलीत त्यांच्यामध्ये पीव्हीबीचा पापुद्रा अंथरतात. तोपर्यंत हा पापुद्रा दुधी दिसतो. मग ही तिहेरी चळत तापवून रुळांमधून दाबून काढतात, म्हणजे मधली बरीचशी हवा निघून जाते. शेवटी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे घरातल्या प्रेशर कुकरचे भले मोठे रूप म्हणता येईल अशा टाकीत, ती साधारण १३५ ते १४० अंश तापमानात वातावरणाच्या दहा-बारा पट दाबाखाली ठेवतात. उरलीसुरली हवा पीव्हीबीत विरघळते, दुधीपणा जातो आणि काच आरपार दिसू लागते.

पीव्हीबीचा एक पापुद्रा ०.३८ मिलिमीटर जाडीचा असतो. गरजेनुसार दोन किंवा चार पापुद्रे घालतात. म्हणून बिलावर ‘६+१.५२+६’ असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ सहा मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये चार पापुद्र्यांइतके पीव्हीबी असा होतो. जिथे काचेवर जास्त भार येणार असतो, तिथे पीव्हीबीपेक्षा बरेच ताठ असे आयोनोप्लास्ट नावाचे प्लास्टिक वापरतात. काचेचे थर साधे घ्यायचे की टफन्ड, हेही ठरवता येते. कठड्यासाठी बहुधा टफन्ड काचाच लॅमिनेट करतात, म्हणजे एकीची ताकद आणि दुसरीची पकड असे दोन्ही गुण मिळतात.

घाटात उपयोगी पडणारी काच

लॅमिनेटेड काच प्रत्येकाने पाहिलेली असते, ती मोटारीच्या पुढच्या बाजूला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० ने मोटारींची पुढची काच लॅमिनेटेडच असावी असे बंधन घातले. त्यामागे अनेक देशांतल्या डॉक्टरांचा अनुभव आहे.

ब्रिटनमध्ये दीर्घकाळ अनेक मोटारींना पुढे टफन्ड काच असे. समोरून दगड लागला, की संपूर्ण काच क्षणात पांढरी होई आणि चालकाला पुढचे काही दिसत नसे. धडक बसली, की चेहरा काचेच्या खड्यांमधून जाई. डोळ्याला भोक पाडणाऱ्या जखमा घेऊन येणाऱ्यांची संख्या तिथल्या नेत्ररुग्णालयांमध्ये मोठी होती. १९८३ मध्ये सीटबेल्टची सक्ती झाल्यावर आणि लॅमिनेटेड काचेचा वापर वाढल्यावर त्या कमी झाल्या. अमेरिकेतल्या मोटारींना लॅमिनेटेड काच आधीपासून होती. पण डोके तिच्यातून आरपार जाऊन मान व चेहरा कापला जाई. १९६६ मध्ये तिथे मधल्या थराची जाडी ०.३८ वरून ०.७६ मिलिमीटर, म्हणजे दुप्पट केली गेली. डोके आदळले तरी हा थर जाळ्यासारखा ताणला जाऊन त्याचा वेग कमी करतो. नंतर हीच जाडी सर्वत्र रूढ झाली.

पुढच्या काचेचे आणखी एक काम सहसा लक्षात येत नाही. आजच्या मोटारींमध्ये ती पॉलियुरेथेनच्या चिकट द्रव्याने सांगाड्याला जोडलेली असते. गाडी उलटली, तर टप खाली दबू न देण्यात तिचा हातभार लागतो. अनेक गाड्यांत डाव्या बाजूची एअरबॅग उघडताना याच काचेवर टेकते. काच निसटली, तर एअरबॅग प्रवाशाकडे वळण्याऐवजी बाहेर ढकलली जाऊ शकते. म्हणूनच काच बदलल्यावर मेकॅनिकने ‘इतके तास गाडी हलवू नका’ असे सांगितले, तर ते पाळले पाहिजे. त्या वेळात चिकटवणारे द्रव्य पकड घेत असते.

खडी वाहणाऱ्या डंपरमागे गाडी असली, की उडालेल्या दगडाने काचेवर टिकली एवढा तडा जाणे नेहमीचेच. तो लहान असताना राळ भरून दुरुस्त होतो. दुर्लक्ष केले, तर ऊन, एसीचा गारवा आणि खड्ड्यांचे हादरे यांमुळे तो लांबत जातो. चालकाच्या नजरेसमोर किंवा काचेच्या कडेपर्यंत गेलेला तडा असेल, तर काच बदलणेच योग्य.

हे सगळे असले, तरी काच सीटबेल्टची जागा घेऊ शकत नाही. बेल्ट न लावलेल्या माणसाला काच अडवते ती डोक्याने. घाटात गाडी उलटली, की बेल्ट नसलेला माणूस बाजूच्या खिडकीतून बाहेर फेकला जातो. तिथली काच बहुधा टफन्ड असते आणि पहिल्याच आघातात नाहीशी होते.

कठड्याची काच

मुळशीतल्या घरांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न गॅलरीच्या कठड्याचा आहे. बारा मिलिमीटरची टफन्ड काच पाहणाऱ्याला भक्कम वाटते आणि ती भक्कम असतेही. पण टफन्ड काचेला एक अंगभूत दोष आहे. मूळ काचेत कधीकधी निकेल सल्फाइडचा डोळ्यांना न दिसणारा कण अडकलेला असतो. टफन करताना झटपट थंड झाल्याने तो आक्रसलेल्या अवस्थेत राहतो आणि पुढे महिन्यांनी किंवा वर्षांनी हळूहळू फुगतो. एखाद्या दिवशी कोणी हात लावलेला नसताना काच फुटते. ‘आपोआप फुटली’ असे लोक सांगतात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. एखाद्या वेळी कडेला बसलेला टवका किंवा स्क्रूचा ताणही असतो. कारखान्यातच काच काही तास पुन्हा तापवून अशी दोषी काच आधीच फोडून वेगळी काढता येते. या चाचणीला हीट सोक म्हणतात. त्याने धोका बराच कमी होतो, संपत नाही.

दिवाणखान्यातल्या टीपॉयची काच अशी फुटली, तर झाडू घेऊन खडे गोळा करता येतात. तिसऱ्या मजल्यावरच्या कठड्याची काच त्यावर कोणी रेललेले असताना फुटली, तर तिथे आधार उरत नाही. खाली उभ्या असलेल्या माणसालाही धोका असतो. एक मीटर लांब, एक मीटर उंच आणि बारा मिलिमीटर जाड काचेचे वजन तीस किलो भरते. फुटल्यावर तिचे खडे पुष्कळदा एकमेकांत अडकलेल्या मोठ्या ढेपांच्या रूपात खाली येतात.

म्हणूनच इमारतींत काच वापरण्याविषयीची भारतीय मानके दोन धोके वेगळे मानतात. एक, माणूस काचेवर आदळण्याचा. दुसरा, काचेतून माणूस किंवा स्वतः काच उंचावरून पडण्याचा. पहिल्यासाठी टफन्ड किंवा लॅमिनेटेड यांपैकी कोणतीही चालते. दुसऱ्यासाठी, म्हणजे कठडे, जमिनीपासून सुरू होणाऱ्या वरच्या मजल्यांच्या खिडक्या, डोक्यावरचे काचेचे छत अशा ठिकाणी, लॅमिनेटेडच हवी. आयएस १६२३१ या मानकाचा चौथा भाग आणि २०१६ ची राष्ट्रीय इमारत संहिता यांत याविषयीचे मार्गदर्शन आहे.

डोक्यावरच्या काचेबाबत तर दुमत असू नये. अंगणातली पडवी, जिन्यावरचा स्कायलाइट, जलतरण तलावावरचे छप्पर अशा ठिकाणी झाडाची फांदी पडू शकते, माकड उडी मारू शकते. तिथे टफन्ड काच म्हणजे खाली बसलेल्यांच्या डोक्यावर खड्यांचा पाऊस. काचेच्या पुलांसाठी आणि स्कायवॉकसाठी काचेचे तीन किंवा अधिक थर लॅमिनेट करतात. सर्वांत वरचा थर झिजण्यासाठी आणि ओरखडे सोसण्यासाठी असतो. भार खालचे थर पेलतात. लोणावळ्याजवळच्या टायगर पॉइंट परिसरात काचेचा स्कायवॉक प्रस्तावित आहे. तिथेही हेच तत्त्व लागू होईल.

स्फोटाच्या वेळी या काचेचे मोल आणखी वाढते. डोंबिवलीच्या एमआयडीसीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत मोठे स्फोट झाले. दोन्ही वेळा आगीपासून कितीतरी दूर असलेल्या घरांच्या आणि दुकानांच्या काचा फुटल्या. अशा घटनांत दूरवरच्या जखमींपैकी अनेकांना लागते ती उडालेली काच. आवाज ऐकून काय झाले हे पाहायला माणसे खिडकीशी जातात आणि मागून आलेला दाब काच तोंडावर फेकतो. १९९८ मध्ये नैरोबीतल्या अमेरिकी दूतावासाजवळच्या बॉम्बस्फोटात अनेकांची दृष्टी याच तऱ्हेने गेली. लॅमिनेटेड काच स्फोट थोपवत नाही, पण तुकडे उडू देत नाही. कारखान्यांच्या शेजारी असलेल्या शाळा, दवाखाने आणि कचेऱ्यांच्या बाबतीत हा विचार व्हायला हवा.

ऊन आणि आवाज

पीव्हीबीचा एक फायदा त्वचेलाही होतो. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांपैकी त्वचा भाजणारे यूव्हीबी किरण साधी काचही बहुतांशी अडवते. पण त्वचेत खोलवर जाऊन सुरकुत्या आणि डाग आणणारे यूव्हीए किरण साध्या किंवा टफन्ड काचेतून बऱ्याच प्रमाणात आत येतात. पीव्हीबी असलेली काच अतिनील किरणांचा ९९ टक्क्यांच्या आसपास भाग रोखते. २०१२ मध्ये एका प्रसिद्ध अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात २८ वर्षे ट्रक चालवलेल्या ६९ वर्षांच्या माणसाचे छायाचित्र आले होते. खिडकीच्या बाजूचा त्याचा डावा गाल उजव्यापेक्षा कितीतरी अधिक सुरकुतलेला आणि जाड झालेला होता. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून रोज तासन्‌तास गाडी चालवणाऱ्यांनी उजवा गाल आणि उजवा हात जपावा. बाजूच्या काचा गडद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. नियमानुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि सनस्क्रीन हा सोपा मार्ग आहे.

इथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. अतिनील किरण अडले म्हणजे उष्णता अडली असे नाही. साधी लॅमिनेटेड काच खोली फारशी थंड ठेवत नाही. त्यासाठी वेगळा लेप किंवा दुहेरी काच लागते. दुसरे, काचेआड उन्हात बसून ड जीवनसत्त्व मिळत नाही. त्यासाठी लागणारे यूव्हीबी किरण कुठलीही काच अडवतेच.

आवाजाचा फायदा मात्र खरा आहे. आवाज काचेला थरथरवत आत येतो. मधला मऊ थर ही थरथर शोषून घेतो, त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या एकसंध काचेपेक्षा लॅमिनेटेड काचेतून आवाज कमी येतो. रस्त्यालगतच्या घरात रात्रीची झोप मोडणाऱ्या वाहनांच्या आवाजावर तिचा उपयोग होतो. पण खिडकीच्या चौकटीत फट असेल, तर महागडी काच लावूनही पैसे वाया जातात. आधी फट बुजवावी, मग काचेकडे वळावे.

जिथे काच फुटायलाच हवी

सुरक्षित काच सर्वत्र लॅमिनेटेडच असावी असा निष्कर्ष कोणी काढेल, तर तो चुकीचा ठरेल. काही ठिकाणी काच झटकन फुटणे हीच सुरक्षितता असते.

१९ मार्च २०२५ च्या सकाळी हिंजवडीत कर्मचाऱ्यांना घेऊन जाणाऱ्या टेम्पो ट्रॅव्हलरला आग लागली. पुढे बसलेले काही जण उतरू शकले. मागचे दार वेळेत उघडले नाही आणि मागे बसलेल्या चौघांचा मृत्यू झाला. आग कशी लागली हा तपासाचा विषय. पण बाहेर पडण्याची दुसरी वाट किती महत्त्वाची असते, हे त्या दिवशी तालुक्याने पाहिले. बस आणि मिनीबसमधल्या आपत्कालीन खिडक्यांना टफन्ड काच असते आणि शेजारी हातोडी टांगलेली असते, ती यासाठीच. टोकदार हातोडीचा एक घाव काचेच्या कोपऱ्यात घातला, की ती खड्यांत कोसळते. मध्यभागी मारलेला घाव काच पुष्कळदा पचवते.

लॅमिनेटेड काचेवर ही हातोडी चालत नाही. अमेरिकेतल्या ‘एएए’ या वाहनचालकांच्या संघटनेने २०१९ मध्ये अशी सहा साधने तपासली. त्यांतल्या चार साधनांनी टफन्ड काच फुटली. लॅमिनेटेड काच एकानेही फुटली नाही. आता काही महागड्या मोटारींच्या बाजूच्या काचाही लॅमिनेटेड असतात. धरणाच्या कडेने किंवा नदीवरच्या पुलांवरून जाणाऱ्यांनी आपल्या गाडीची कोणती काच फुटू शकते, हे आधीच पाहून ठेवावे. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यातल्या शिक्क्यावर ‘टेम्पर्ड’ किंवा ‘लॅमिनेटेड’ असे लिहिलेले असते. गाडी पाण्यात गेलीच, तर पहिल्या काही क्षणांत बेल्ट सोडून खिडकी खाली करणे हाच सर्वांत भरवशाचा मार्ग.

काचेच्या इमारतींचीही हीच गोष्ट. बंद काचेच्या भिंतींआड आग लागली, तर धूर कोंडतो आणि अग्निशमन दलाला आत शिरायला जागा मिळत नाही. म्हणून राष्ट्रीय इमारत संहितेने अशा भिंतींत प्रत्येक मजल्यावर, एकमेकींपासून दहा मीटरपेक्षा दूर नसलेल्या, उघडता येणाऱ्या तावदानांची तरतूद सांगितली आहे. ती कुठे आहेत हे त्या मजल्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असले पाहिजे आणि त्यांच्यासमोर कपाटे नसावीत. साधी लॅमिनेटेड काच आग रोखणारी नसते, हेही लक्षात ठेवावे. त्यासाठीची काच वेगळी असते.

मुळशीच्या पावसाची परीक्षा

ताम्हिणीचा परिसर राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. लॅमिनेटेड काचेचा खरा शत्रू हाच ओलावा. पीव्हीबी कडेने पाणी शोषते. तसे झाले, की कडेपासून आत दुधी पट्टा दिसू लागतो, बुडबुडे येतात आणि थर सुटायला लागतात. कठड्याच्या काचा बहुधा ॲल्युमिनियमच्या यू आकाराच्या पट्टीत बसवलेल्या असतात. त्या पट्टीत पाणी साचून राहिले, तर काचेची खालची कड चार महिने पाण्यात बुडालेली राहते. पट्टीला पाणी निघून जाण्यासाठी भोके असणे आणि ती पावसाळ्याआधी साफ करणे म्हणूनच गरजेचे.

दुसरी चूक सिलिकॉनची. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे स्वस्त सिलिकॉन पीव्हीबीच्या कडेला अपाय करते. लॅमिनेटेड काचेसाठी ‘न्यूट्रल’ प्रकारचे सिलिकॉन लागते. फॅब्रिकेटरला हे आधीच सांगावे.

तिसरी गोष्ट हातकठड्याची. दोन्ही थर टफन्ड असलेली काच संपूर्ण फुटली, तर ती तुटून पडत नाही, पण ओल्या चादरीसारखी वाकू शकते. काचेच्या वरच्या कडेवर धातूची किंवा लाकडाची दांडी असली, तर तेव्हाही धरायला आधार राहतो. दृश्यात थोडा अडथळा येतो, एवढीच त्याची किंमत.

काच लागली तर

काच जखमेत रुतली असेल, तर ती उपटून काढू नये. बाजूने स्वच्छ कापडाचा दाब देऊन रक्त थांबवावे आणि रुग्णालय गाठावे. जखम लहान दिसली, तरी आत तुकडा राहिला आहे का, हे डॉक्टरांना पाहू द्यावे. बहुतेक काच एक्स-रेमध्ये दिसते. बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर ते आवर्जून सांगावे. डोळ्यात काच गेल्यास चोळू नये, दाबू नये. डोळ्यावर कागदी पेल्यासारखे काहीतरी, डोळ्याला न टेकता, झाकून नेत्ररुग्णालयात न्यावे.

दुकानात विचारायचे प्रश्न

घरासाठी काच घेताना ‘सेफ्टी ग्लास आहे ना?’ हा प्रश्न पुरेसा नाही. ‘टफन्ड की लॅमिनेटेड?’ असे विचारावे. लॅमिनेटेड असेल, तर थर कोणते आणि मधला पापुद्रा किती जाडीचा, हे बिलावर लिहून घ्यावे. काच आल्यावर तिची कड पाहावी. दोन काचांमधली रेघ स्पष्ट दिसते. टफन्ड काचेच्या कोपऱ्यात शिक्का असतो. दोन्हींसाठी आयएस २५५३ हे भारतीय मानक आहे. त्याची खूण शोधावी. टफन केलेली काच नंतर कापता येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही, म्हणून मापे आधीच नीट घ्यावीत.

सगळीकडे लॅमिनेटेड काच लावणे खर्चिक होईल आणि त्याची गरजही नाही. न्हाणीघराचे दार किंवा कपाटाची काच टफन्ड असली, तरी पुरते. खर्च करायचा तो तीन जागी: जिच्यावर माणूस रेलतो, जी डोक्यावर आहे आणि जिच्यापलीकडे खोली आहे. जुन्या घराच्या गॅलरीला कोणती काच बसवली आहे हे माहीत नसेल, तर येत्या पावसाळ्याआधी तिची कड एकदा नीट पाहून घ्यावी. तिथे मधली रेघ दिसली नाही, तर मुलांना त्या कठड्यावर रेलू देण्याआधी फॅब्रिकेटरला बोलवावे.